सेकंदकाकांचं साल

दहा वाजून वीस मिनिटांनी काकांचा फोन आला तेव्हा पुतणी प्रयोगशाळेत नाजूक तराजूची काच पुसत होती. काकांना नमस्कार-चमत्कारात वेळ घालवायची सवय नव्हती.

"पंडिताबाई, तुमचं पान मेलं."

"मेलं म्हणजे?"

"हिरवा ठिपका होता, तो लाल झालाय. आणि अकराला मॅडम येणार आहेत."

पुतणीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मॅडम म्हणजे पालिकेच्या अभियंता, आणि त्या येणार म्हणजे मनोऱ्यावरच्या घड्याळाचा निकाल लागणार होता.

काका घड्याळजी. कुणी वेळ विचारली तर ते तास आणि मिनिटं सांगून थांबत नसत, म्हणून सगळं गाव त्यांना सेकंदकाका म्हणे. चौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ तीस वर्षं त्यांच्या देखरेखीखाली होतं. चावी द्यायला पालिकेचा पहारेकरी होता, पण घड्याळ किती पुढे-मागे झालंय ते बघून लंबकावर चिमूटभर वजन ठेवायचं किंवा उचलायचं काम काकांचं. त्यासाठी रोज एकशे बारा पायऱ्या चढायच्या. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी त्या संपाला पाठिंबा दिला. मग पालिकेने ठरवलं की जुनं यंत्र काढून तिथे विजेवरचं बसवावं. काका महिनाभर धड जेवले नव्हते, असं काकूचं म्हणणं. काकांच्या मते जेवत होते, फक्त बोलत नव्हते.

यावर तोडगा पुतणीने काढला. लंबकाजवळ तिने एक छोटंसं उपकरण बसवलं. ते घड्याळाची चूक मोजून दूरच्या शहरातल्या सर्व्हरला कळवी, आणि सर्व्हर तीच चूक काकांच्या दुकानातल्या संगणकावर दाखवी. चूक वाढली तरच मनोरा चढायचा, एरवी खुर्चीत बसून लक्ष ठेवायचं. मॅडम म्हणाल्या होत्या, चालताना दाखवा, मग बघू. रविवारी पुतणीने स्वतः येऊन सगळं जोडून दिलं. आज बुधवार.

तिने आधी आपल्या संगणकावर तेच पान उघडलं. ठिपका हिरवागार. म्हणजे मनोरा ठीक, सर्व्हर ठीक. रोगी दुकानातच होता.

इंटरनेट आहे का, हा पहिला प्रश्न. आहे, असं काकांनी सांगितलं, कारण काकू आतल्या खोलीत त्याच इंटरनेटवर बहिणीशी मोबाइलवर अर्धा तास बोलत होती आणि बोलणं तुटण्याचं काही लक्षण नव्हतं. तरी पुतणीने राउटर बंद करून परत चालू करायला सांगितलं. बहिणीशी चाललेलं बोलणं तुटलं आणि काकू बाहेर आली, एवढाच त्याचा परिणाम झाला. ठिपका लालच.

"बंद करून चालू केल्यावर दुरुस्त होणारी घड्याळं असती," काका म्हणाले, "तर मी पहिल्याच वर्षी उपाशी मेलो असतो."

मग पानाचा पत्ता तपासला. काका डोळ्याला भिंग लावून पडद्याजवळ गेले आणि घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा तशा थाटात एकेक अक्षर सांगत गेले. यात पाच मिनिटं गेली. पत्ता बरोबर होता. पान बंद करून उघडलं का, ते दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं का, यात गेलेल्या पाच मिनिटांचंही फलित तेच. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय हे पुतणीला कळत होतं, पण साप काही दिसत नव्हता.

अडचण तिनेच करून ठेवली होती. साध्या पानाचा व्यवहार दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा असतो: आला, विचारलं, उत्तर मिळालं, गेला. ही वेबसॉकेटची जोडणी वेगळी. एकदा दार उघडलं की ते उघडंच राहतं, आणि पलीकडे काही घडलं की न विचारता इकडे कळतं. पण दार उघडण्याआधी ओळख पटवावी लागते. ती पटली नाही तर पानाला एवढंच समजतं की दार उघडलं नाही. का, ते ब्राउझर आपल्या पोटातल्या नोंदींत लिहून ठेवतो. त्या नोंदी काकांना कधी लागतील असं रविवारी तिला वाटलंच नव्हतं. तिने हिरवा आणि लाल असे दोन ठिपके केले आणि काकूच्या हातचं जेवायला बसली.

आता त्या नोंदी उघडायच्या होत्या. वरच्या ओळीतलं कुठलं बटण दाबायचं ते तिने सांगितलं आणि उजवीकडे लाल अक्षरांची ओळ आली का विचारलं. आली. काय लिहिलंय? जोडणी झाली नाही, असं लिहिलंय. पुढे? पुढे तेच ते.

"काका, पुढचं वाचा ना."

"अगं, जोडणी झाली नाही हे कळलं की. पुढे नुसता पाल्हाळ आहे."

दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. पुतणीने तिसऱ्यांदा विनवलं तेव्हा पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन स्पीकरवर टाकून काकू पुढे आली. "ह्यांना गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणंसुद्धा शेवटपर्यंत ऐकायची सवय नाही," ती म्हणाली, आणि न अडखळता ओळ वाचू लागली. ओळीच्या शेवटी तीन शब्द होते: सर्ट, डेट, इनव्हॅलिड.

ओळखपत्राची तारीख चालत नाही, असा त्याचा अर्थ पुतणीने लावला. मग तिने अगदी सावकाश विचारलं, "काका, संगणकाची वेळ बरोबर आहे का?"

हा प्रश्न सेकंदकाकांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"आज सकाळी स्वतः लावली," काका म्हणाले. "भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून. सेकंदाचाही फरक नाही. रोज लावतो."

"रोज का लावावी लागते?"

तिथून खरी गोष्ट बाहेर आली. सोमवारी सकाळी काकांनी संगणक चालू केला तेव्हा त्याची वेळ भलतीच होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती आपोआप उडी मारून बरोबर झाली. कुणी केली? तर इंटरनेटवरून कुणीतरी. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या दुकानात बाहेरच्याने येऊन वेळ सांगायची? त्यांनी शोधून शोधून ती सोय बंद केली. तेव्हापासून ते रोज सकाळी तास, मिनिटं आणि सेकंद आपल्या हाताने लावत होते. मंगळवारी लाल ठिपका दिसला तेव्हा त्यांना वाटलं, यंत्र अजून रुळायचंय.

"आणि तारीख?"

"तारखेचं काय?"

"तारीख कोण लावतं?"

घड्याळजी तारीख लावत नाही, असं काकांनी तिला समजावलं. घड्याळजी वेळ लावतो. तारखेसाठी दिनदर्शिका असते, ती काकू बघते. तेवढ्यात काकूने खालच्या कोपऱ्यातल्या वेळेवर टिचकी मारली असावी, कारण ती मध्येच म्हणाली, "अगंबाई, ह्यात तर तू अजून बारावीत आहेस."

संगणकाच्या मते ते जुनं साल नुकतंच उजाडलं होतं. सर्व्हर ओळखपत्र दाखवत होता, त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत असं लिहिलेलं होतं, आणि दुकानातलं यंत्र इमानदारीने उत्तर देत होतं की ही तारीख अजून यायचीय, तेव्हा तुम्ही कोण ते मला माहीत नाही. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला जे साल ठाऊक होतं त्या हिशेबाने ते बरोबर वागत होतं.

"म्हणजे काका," पुतणी म्हणाली, आणि हसू न लपवता म्हणाली, "सेकंद बरोबर, फक्त पंधरा वर्षं मागे."

"डबा तुझाच आहे," काका म्हणाले. "तूच दिलास, जुना झाला म्हणून."

तेही खरंच होतं. तिने कॉलेजात वापरलेला संगणक त्यांना देऊन टाकला होता. त्याच्या पोटात एक छोटा गोल सेल असतो, यंत्र बंद असताना तारीख-वेळ सांभाळणारा. तो कधीच संपला असणार, आणि काका दुकान बंद करताना मुख्य बटण बंद करत, त्यामुळे रोज रात्री यंत्र सगळं विसरून आपल्या जन्मसालात जात होतं. कसला सेल, असं काकांनी विचारलं. पुतणीने आकार सांगितला. पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

"हा? हा तर मी दिवसाला दहा विकतो."

दिव्याखाली अंधार असं म्हणायचा मोह पुतणीने आवरला. काकूने आवरला नाही.

दहा वाजून त्रेपन्न. तिने आधी तारीख दुरुस्त करून घेतली. मग पान नव्याने उघडायला लावलं. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू आली, आणि काकू म्हणाली, "हिरवा." पुतणीने श्वास सोडला. पण काकांनी तोवर पेचकस हातात घेतला होता. सेल मेलेला आहे हे कळल्यावर तो तसाच ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. यंत्र आत्ता उघडू नका, असं पुतणी फोनवरून आणि काकू समोरून एकदमच म्हणाली. पेचकस काकूने काढून घेऊन पदराआड धरला, त्याच क्षणी दारात मॅडम उभ्या राहिल्या.

पुतणी ऐकत होती. मॅडम बसल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: हे कधी बंद पडतं का?

काका नाही म्हणाले असते तर कुणाला कळलं नसतं.

"आजच पडलं होतं," काका म्हणाले. "कालही. बिघाड यंत्रात नव्हता, माझ्यात होता. आपोआप वेळ लावायची सोय मी हट्टाने बंद केली होती."

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, हा आकडा काय सांगतो. पडद्यावर दिसत होतं: मनोऱ्याचं घड्याळ अर्धा सेकंद पुढे.

"हे खोटं आहे," काका म्हणाले.

पुतणीने डोळे मिटले. एवढं सगळं करून ते आता पानालाच खोटं पाडत होते. माझं घड्याळ पुढे असूच शकत नाही, ते सांगत होते, गेल्याच आठवड्यात शेवटचं चढून लावलंय, आता अकरा वाजतील, स्वतःच्या कानांनी ऐका. सगळे थांबले. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला आणि नेमका त्याच क्षणी, फोनमधूनही ऐकू येईल असा, चौकातला पहिला टोला पडला.

"बघा," काका म्हणाले.

पुतणीने आकडा मनात घोळवला. अर्धा सेकंद. "काका, दुकानापासून मनोरा किती पावलं?"

"दोनशे चाळीस." विचारही करावा लागला नाही.

एक पाऊल साधारण सत्तर सेंटिमीटर. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. पुतणीला हिशेब करायला कागद लागला नाही. टोला मनोऱ्यावर पडून दुकानात पोहोचेपर्यंत अर्धा सेकंद जात होता. काका दुकानात बसून टोला ऐकत, मोठ्या घड्याळाशी ताडत, आणि वर जाऊन वजन तसं ठेवत.

"काका, तुमचं चुकलेलं नाही आणि पानाचंही नाही. तुमच्या दुकानात बरोबर ऐकू यावं म्हणून तुम्ही तीस वर्षं सगळ्या गावाला अर्धा सेकंद आधी उठवताय."

मग कागद उलटल्याचा आणि पेन टेकवल्याचा आवाज आला. मॅडमनी त्यांच्या टिपणात काय लिहिलं ते काकूने मागाहून वाचून दाखवलं: अर्ध्या सेकंदाची चूकही इथे बसून कळते, तेव्हा जुनं यंत्र आहे तसं ठेवावं, देखरेख पूर्वीप्रमाणे. त्याखाली एक अट होती, दुकानातल्या संगणकाची वेळ आपोआप लागू द्यावी.

काकांनी अट वाचली, पुन्हा वाचली, आणि मान्य केली. संध्याकाळी त्यांनी पुतणीला फोन करून सांगितलं की सेल बदलला, सोय चालू केली, आणि ते इंटरनेटवालं पोर वेळ ठीक लावतं, तसं वाईट नाही.

"आणि मनोऱ्याचा अर्धा सेकंद?" तिने विचारलं. "तो काढणार?"

"गुडघे बरे झाले की बघू," काका म्हणाले. "तोवर लोकांना लवकर उठू दे."