बाराव्या फेरीची शिदोरी

रुपरावांनी खाकी पाठपिशवी खांद्यावर चढवली, ओझं अजमावायला अंगणातल्या विहिरीला एक फेरी मारली आणि ओसरीवर येऊन धपकन बसले.

"रोडगे जास्त झाले," ते धापा टाकत बायकोला म्हणाले. "सहा काढ."

जिजाबाईंनी सहा रोडगे काढून परातीत ठेवले.

उद्या पहाटे हुडकेश्वरचं मंडळ नागद्वारीच्या यात्रेला निघणार होतं. पचमढीच्या डोंगरात तीन दिवस पायी चढउतार, आणि शिदोरी ज्याची त्याच्या पाठीवर. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून सगळं आधीच करून न्यायचं. पोराच्या विषमज्वरात रुपराव नागद्वारीच्या बारा फेऱ्यांचा नवस बोलले होते. अकरा झाल्या, आणि बाराव्या वर्षी मेलं हे छातीचं दुखणं निघालं! धंतोलीच्या डॉक्टरांनी साधा जिनासुद्धा थांबत थांबत चढायला सांगितलं होतं. पण रुपरावांनी एकदा 'जाईन' म्हटलं की ब्रह्मदेवानंही मध्ये पडू नये. जिजाबाई पडल्या नाहीत. जीव टांगणीला लागला होता, तरी त्यांनी मुकाट्यानं शिदोरी भरली, दरवर्षी भरत तेवढीच.

दुसऱ्या फेरीला विहिरीच्या काठाला हात टेकावा लागला.

"हा गूळ काहून इतका? तिथं काय लगन हाये?"

गूळ निघाला. मग शेंगदाणे निघाले, सातूचं पीठ निघालं. जवसाच्या चटणीचा डबा तर बिचारा उगीच शिव्या खाऊन बाहेर आला. दर वेळी दोष खाण्याचा. छातीचं नाव नाही.

शेवटी पिशवीत मूठभर फुटाणे उरले. रुपराव उठले, विहिरीपर्यंत पोचले आणि तिथंच काठावर बसले. बराच वेळ उठले नाहीत. जिजाबाई पाण्याचा गडू घेऊन गेल्या.

"फुटाणेही जड झाले का जी?" त्यांनी हळूच विचारलं.

रुपराव हसायला गेले, पण डोळे भरून आले.

"एकच फेरी राहिली होती वं. पोराच्या नावाची. आता देवाले काय तोंड दाखवू?"

जिजाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवली. ओसरीवर नेऊन परात पुढं ओढली आणि रोडगे, गूळ, शेंगदाणे, पीठ, चटणीचा डबा, सगळं एकेक करून परत आत भरलं.

"हे काय करून राहिली तू? आता कोण नेते ते?"

त्यांनी पदर खोचला, पिशवी पाठीवर घेतली आणि विहिरीला फेरी मारली. मग आणखी एक.

"पार्वतीबाई हाये मंडळात. तिच्यासंगं जातो मी."

"नवस मी बोललो होतो, जिजे."

"अन् पोरगं? ते काय तुमचं एकल्याचं हाये?"

अकरा वर्षं ही पिशवी हिनंच भरली होती, पण हिच्या पाठीवर ती रुपरावांनी आज पहिल्यांदा पाहिली. ते काठावरून सावकाश उठले आणि तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"थांब," ते पट्टा ओढत म्हणाले. "डबा मधात ठेव. चढावर पाठीले टोचते."