हलेल तो हरला

घाबरू नका मित्रांनो, मी आत्ता वाजणार नाही. मी एक जुनी घंटा आहे. शाळा सुटल्यावर वाजते ती आनंदाची घंटा नव्हे, आगीची. लाल रंगाची, ताटलीएवढी, पोटात छोटी हातोडी असलेली. लोकांना वेळेवर घाबरवण्यासाठी माझा जन्म झाला, आणि खरं सांगायचं तर माझ्याइतकी भित्री घंटा त्या कारखान्यात दुसरी घडली नसेल.

तपासणीच्या वेळी मी पहिल्यांदा वाजले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. तपासणारे मिस्त्री मात्र खूश झाले. "हिचा घसा बघा! कुंभकर्णसुद्धा उठून बसेल," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. तेवढं कौतुक मला बरीच वर्षं पुरलं.

मला एका चित्रपटगृहात उजव्या भिंतीवर बसवलं. माझ्या खालीच संकटाच्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा होता. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर नेणाऱ्या एक मावशी तिथे कामाला होत्या. दर सोमवारी सकाळी त्या मला फडक्याने पुसायच्या आणि बटण दाबून वाजवून बघायच्या. "घसा साफ आहे ना गं बाई? तुझी वेळ कधी न येवो," म्हणायच्या. मीही मनात तेच म्हणायचे.

सुरुवातीचे चित्रपट बरे होते. गाणी असायची, भांडणं असायची, शेवटी सगळं गोड व्हायचं. मग उद्याच्या जगाचे चित्रपट येऊ लागले. त्यात शहरं जळायची, समुद्र आटायचे, यंत्रं माणसांचा पाठलाग करायची. पहिल्या खेळाला मला वाटलं, जग बुडालं, आणि मला कुणी वाजवत कसं नाही? मी भिंतीवर लटलट कापत होते. खाली बघते तर लोक पॉपकॉर्न खात होते! मनोरा कोसळला की शिट्ट्या, पूल तुटला की टाळ्या. मध्यंतरात माणसं तोंड पाडून म्हणायची, "एक दिवस हे असंच होणार बघा," आणि लगेच विचारायची, "चहा घेणार का?"

माणसांचं हे मला कधी कळलं नाही. खोट्या भीतीला पैसे मोजायचे आणि खऱ्या भीतीकडे बघायचंही नाही.

मग तो एक चित्रपट आला आणि महिनोन्महिने हललाच नाही. त्यातल्या नगरात यंत्रांचं राज्य असतं. भोंगा वाजला की माणसांनी जागच्या जागी थिजून उभं राहायचं. जो हलेल त्याला आकाशातून यंत्र येऊन उचलून नेणार. प्रेक्षकांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याचा खेळच केला. पडद्यावर भोंगा वाजला की सभागृहातलेही सगळे थिजायचे. हात पॉपकॉर्नच्या पुड्यात तर पुड्यात. हलेल तो हरला! मला मात्र वरून बघताना धडकी भरायची. एवढी जिवंत माणसं, आणि एकाचीही पापणी हलत नसे.

त्याच दिवसांत माझी हेळसांड सुरू झाली. सकाळपासून खेळ लागायचे. मॅनेजरसाहेब मावशींना म्हणाले, "पुरे झाली तुमची ती टणटण. लोकांचे कान किटतात." सोमवारची पुसापुशी बंद झाली. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं. वर कहर म्हणजे साहेबांनी चित्रपटातला पुठ्ठ्याचा यंत्रसैनिक आणून नेमका माझ्या दरवाजापुढे उभा केला. चांगला दहा फुटी, लाल डोळ्यांचा. लोक त्याच्याशेजारी फोटो काढायचे. त्याच्यामागे दरवाजा आहे हे सगळे विसरून गेले.

त्या यंत्रसैनिकाला माझ्याइतकंच घाबरणारं एकच माणूस होतं. बसचे ड्रायव्हर होते ते. अंगाने पहिलवान, काळजाने ससा. त्यांच्या बायकोला, शिवणकाम करणाऱ्या काकूंना, असल्या चित्रपटांचं भारी वेड. त्यांच्या हट्टापायी बिचारे यायचे, सैनिकाकडे पाठ करून बसायच्या जागी पोचायचे आणि डोळ्यांवर हात घेऊन चित्रपट 'बघायचे'.

"घाटात बस चालवता आणि पडद्याला भिता?" काकू चिडवायच्या.

"घाटात स्टिअरिंग माझ्या हातात असतं गं," ते पुटपुटायचे.

भोंगा वाजला की ते हटकून दचकायचे. मग अख्खी रांग ओरडायची, "काका हरले!" दर वेळी हसं व्हायचं. एका रविवारी काकू बसता बसता म्हणाल्या, "आज तरी माझं नाक कापू नका. दगडासारखे बसा."

"बसतो बाई," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

सभागृह खचाखच भरलं होतं. मुख्य दरवाजाशेजारच्या खोलीत जुनी पोस्टरं आणि पुठ्ठे कोंबलेले असायचे. तिथे वायर जळाली. धूर पहिल्यांदा मावशींनी पाहिला. त्यांनी धावत जाऊन सभागृहाबाहेरच्या भिंतीवरचं माझं बटण दाबलं.

मित्रांनो, ज्या क्षणासाठी मी घडले तो आला, आणि माझा घसा बसला होता. हातोडी जाळ्यात अडकली. मी घाबरून जीव खाऊन ओढ दिली, जाळं तुटलं आणि मी वाजले. ठणाणा वाजले!

आणि सगळं सभागृह थिजलं.

कुणीही उठलं नाही. माझा आवाज ऐकताच शेकडो माणसं दगड झाली. "आज थिएटरवाल्यांनी खरी घंटा लावलीय रे!" कुणीतरी ओठ न हलवता कुजबुजलं. मी जितकी जोरात वाजू लागले तितकी ती माणसं घट्ट बसली. मला वाटलं, मीच यांना मारतेय. थांबावं तर थांबता येत नव्हतं.

मावशी आत आल्या. "आग लागलीय! उठा! बाहेर चला!" त्या किंचाळल्या. तर मागून कुणी म्हणालं, "वा! मावशीपण नाटकात सामील!" मुख्य दरवाजाच्या फटीतून धूर आत सरकत होता, आणि पडद्यावरही धूरच होता.

ड्रायव्हरकाकांचे डोळे मिटलेलेच होते. पडदा त्यांना दिसत नव्हता. त्यांना फक्त दोन गोष्टी ऐकू आल्या. घंटा समोरून नाही, उजवीकडून वाजतेय. आणि मावशींचा आवाज कापतोय. भित्र्या माणसाला दुसऱ्याची खरी भीती लगेच कळते. ते उभे राहिले.

"काका हरले!" रांग ओरडली.

"बसा ना हो!" काकूंनी शर्ट ओढला.

"ती नाटक करत नाहीये," ते म्हणाले. त्यांनी काकूंचा हात धरला, माझ्या आवाजाच्या दिशेने चालू लागले आणि थेट त्या लाल डोळ्यांच्या सैनिकावर आदळले. डोळे उघडले, बघितलं, बोंब मारली, आणि त्या भीतीतच दोन्ही हातांनी त्याला असं ढकललं की दहा फुटी पुठ्ठा आडवा झाला. मागे दरवाजा होता. त्यांनी खांद्याने धक्का दिला. बाहेरचा उजेड आत आला.

मग काका वळले आणि बसमधल्या आवाजात गरजले, "शेवटचा स्टॉप! सगळे उतरा! ढकलाढकली नाही, लहानांना आधी!"

त्या उजेडात लोकांना धूर दिसला. पहिल्यांदा एक बाई हलली, मग सगळेच. मी वाजत राहिले. शेवटी बॅटरी घेऊन मावशी बाहेर पडल्या, तेव्हा माझा रंग तडकू लागला होता. पण आत कुणी उरलं नव्हतं.

बाहेर फुटपाथवर काका डोकं धरून बसले होते. काकू त्यांच्याशेजारी बसल्या, त्यांचा हात मांडीवर घेतला. "हरलात की हो," त्या म्हणाल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

आगीनंतर पुन्हा बांधलेल्या सभागृहात माझी जागा तीच आहे. अर्धी काळवंडले आहे, आवाजही थोडा चिरका झालाय. दर सोमवारी मावशी मला पुसतात. दरवाजापुढे खुर्चीसुद्धा ठेवू देत नाहीत. काका अजून येतात आणि अजून दचकतात. पण आता रांगेत कुणी हसत नाही.

मित्रांनो, मी अजूनही भित्रीच आहे. रोज दिवे मालवले की मला त्या थिजलेल्या माणसांची आठवण येते. म्हणून एवढंच मागते. मला पुसत जा, माझी वाट मोकळी ठेवा, चेष्टेने मला वाजवू नका. आणि मी वाजले, तर शेजारचा बसलाय का हे बघत थांबू नका. लोक हसतील, हसू द्या. तुम्ही हला.