सोल सुटलेला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना लष्करी बूट आहे. डाव्या पायाचा. माझा सोल आ वासून पडलाय, पण मला हसू नका. लाज वाटायचीच तर ती साहेब लोकांना वाटू दे.

कारखान्यातून आम्ही दोघे जुळे भाऊ थेट सरकारी संशोधन केंद्रात आलो. सोबत लष्कराच्या पुरवठा खात्याचं पत्र होतं: 'हा बूट बर्फातल्या चौक्यांसाठी टिकाऊ आहे का, अभ्यास करून कळवावे.' मला वाटलं, हे खरंच विचारताहेत. मी तरी किती भोळा!

काम एका संशोधक बाईंकडे आलं. त्यांचा धाकटा भाऊ असल्याच एका चौकीवर होता. त्यांनी मला यंत्राच्या पायात घातलं आणि बर्फाच्या पाण्यात रोज आठ तास चालवलं. एकोणिसाव्या दिवशी माझा सोल सुटला. बाईंनी तसं स्वच्छ लिहिलं. फाटलो खरा, पण मला फार अभिमान वाटला.

कच्चा अहवाल आधी खात्याला दाखवायची इथली रीत. लगेच खात्याचे साहेब कडक इस्त्रीत हजर झाले.

"अहो बाई, बूट चौक्यांवर पोचलेसुद्धा! आता हे काय काढलंत?"

"मग अभ्यास कशाला मागवलात?"

"फाइलला लागतो ना!" साहेब चहा ढवळत म्हणाले.

केंद्राच्या संचालकांनी मान डोलावली. या गृहस्थांना तेवढं एकच काम जमायचं. या वेळी मात्र तोडगाही त्यांनीच काढला: उत्तर राहू दे, प्रश्न बदला. नवं पत्र आलं: 'बुटांची मापे बरोबर आहेत का?' मापं बरोबरच होती! अहवालाची वाहवा झाली. माझा भाऊ कचऱ्यात गेला, आणि मला संचालकांचं दार उघडं राहावं म्हणून तिथे टेकवलं.

हिवाळा सरता सरता तेच साहेब, तीच इस्त्री, मला ओलांडून आत आले. हातात नवं पत्र: 'जवानांच्या पायांची बोटे हिमदंशाने का जाताहेत, अभ्यास करून कळवावे.' निर्लज्जपणालाही काही माप असावं की नाही?

बाईंना बोलावलं. त्यांनी पत्र वाचलं. आदल्याच आठवड्यात त्यांच्या भावाच्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. त्या थेट दाराशी आल्या, मला उचललं आणि साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. मागे दार धाडकन बंद झालं.

"अभ्यास झालाय," त्या म्हणाल्या. "बसा. आता ऐकल्याशिवाय उठायचं नाही."

मित्रांनो, बुटाला पॉलिश नाही केलंत तरी चालेल. पण तो फाटलाय असं कुणी सांगितलं, तर आधी वाकून बघा.