तिसऱ्या पंचाची चिठ्ठी

सकाळपासून अमृतनानांचं बूड एका जागी टिकत नव्हतं. बसायचे, दोन ओळी खरडायचे, कागद चुरगाळायचे, की उठून ओसरीत येरझाऱ्या सुरू. काम म्हणाल तर एवढंसं! रविवारी धुळ्यात मेघाचा सत्कार होता. चौतिसाव्या वर्षी पोरगी बॉक्सिंगमधून निवृत्त होत होती. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र नानांनी लिहायचं आणि त्यांनीच उभं राहून वाचायचं. हा मान त्यांच्याकडे आला त्याला कारण होतं. सतरा वर्षांपूर्वी मेघाची राज्याच्या संघात पहिली निवड झाली, ती पंच म्हणून नानांनी दिलेल्या चिठ्ठीवर.

आणि नेमकी तीच चिठ्ठी नानांना लिहू देत नव्हती.

दुपारी सत्कार समितीचे अध्यक्ष अभयकुमार आले. कापडाचे व्यापारी, बोलायला गोड, पण एकदा धरलं की सोडणार नाहीत.

"नाना, पहिल्याच ओळीत 'महान मुष्टियोद्धा' पाहिजे. पुढे तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. उद्या संध्याकाळी छापखान्यात द्यायचंय."

"महान कशावरून, शेठ?"

"घ्या! राष्ट्रीय सुवर्ण आहे, दोन रौप्यं आहेत. अख्ख्या धुळ्यात दुसऱ्या कुणाकडे आहेत?" अभयकुमार जायला उठले आणि दारात थांबले. "टेबलावर सगळी पदकं मांडायची होती, पण राज्याच्या संघातून मिळवलेली पहिली दोन सापडत नाहीत. मेघा म्हणते, माझ्याकडे नाहीत. हरवली असणार, दुसरं काय."

चौकातल्या टपरीवरही आठवडाभर हाच वाद पेटलेला. ऑलिंपिकला गेली नाही ती कसली महान, असं एकानं म्हणायचं आणि तू तरी गल्लीच्या बाहेर गेलास का रे, असं दुसऱ्यानं. नाना चहा अर्धा टाकून उठायचे. ज्याचं त्याला ठाऊक!

झालं होतं ते असं. निवड चाचणीची शेवटची लढत. धुळ्याची मेघा, जळगावची हेमांगी. तीन पंच. एकाची चिठ्ठी मेघाला, दुसऱ्याची हेमांगीला, तिसरी नानांची. शेवटच्या फेरीत हेमांगीचे चार ठोसे स्वच्छ बसले होते. नानांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण हॉलमध्ये तीनशे धुळेकर "मेघा, मेघा" म्हणून बोंबलत होते आणि नानांच्या मनानं उचल खाल्ली. जळगावाकडे सोनं, जळगावाकडे केळी, मोठी रेल्वेही त्यांचीच. आमच्या वाट्याला चाळीसगावला जाणारी गाडी! एक पोरगी तरी आमची जाऊ दे की पुढे. अन् लिहून टाकलं मेघाचं नाव. त्या दिवशी छाती फुगली होती हो त्यांची. लाज नंतर आली, आणि आली ती गेलीच नाही. मेघाचं नाव पेपरात छापून आलं की नाना पेपर पालथा घालून ठेवायचे. पायाच खोटा, तर वरच्या इमारतीला महान कसं म्हणायचं?

"काय व्हयनं तुमले? ताट थंड व्हई गयं," प्रमिलाबाई दारात येऊन म्हणाल्या.

सतरा वर्षं बायकोपासूनही लपवलेलं नानांनी त्या थंड ताटासमोर सांगून टाकलं. प्रमिलाबाईंनी ऐकून घेतलं. कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही.

"माले काय सांगतस? जिले लागनं, तिले जाई ईचारा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं नाना निघाले. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेनं हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. जळगावला गाडी बदलली. हेमांगीचं सासर फैजपूरला, केळीवाल्यांचं घर. कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जायचं, हा विचार डोक्यात भुंग्यासारखा घुमत होता. दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

हेमांगी शेडमध्ये केळीच्या फण्या पारखून क्रेटमध्ये भरून घेत होती. आता दोन पोरांची आई, पण खांदे तेच. तिनं नानांना पाहिलं, हात पुसले.

"या नाना. पदकं न्यायला आलात ना?"

"कसली पदकं?"

"मेघाची, राज्याची. दोन आहेत, माझ्या कपाटात डब्यात ठेवलीत. पण मी नाही देणार हं. माझी आहेत ती."

नाना मटकन क्रेटवर बसले. हेमांगीनं पाणी दिलं आणि समोरच उभी राहिली.

"तुमच्या निकालानंतर आठव्या दिवशी मेघा जळगावला आमच्या घरी आली, नाना. ग्लोव्ह्जचे दोन जोड घेऊन. म्हणाली, मार कुणी खाल्ला ते मला माहीत आहे, चल, पुन्हा खेळू. गच्चीवर खेळलो. पंच नाही, शिट्टी नाही. मी धुतलं तिला! तर म्हणते, जागा तुझी आहे, मी लिहून देते, तू जा."

"मग गेली का नाहीस?"

हेमांगीनं हातातली फणी खाली ठेवली. "माझ्या वडिलांचा, अण्णांचा शब्द होता. जिंकलीस तर लग्न पुढे ढकलतो, हरलीस तर पुरे. हरले. मेघा येईतोवर साखरपुडासुद्धा होऊन गेला होता."

नुसतं एक नाव लिहिलं होतं नानांनी!

"मग ती गेली. पण दर वर्षी भाऊबीज झाली की ग्लोव्ह्ज घेऊन यायची इथे. पुढच्या वर्षीही मीच हरवलं तिला. घड वाहून हात दगड झालेले माझे. त्या दोन्ही वर्षांची पदकं तिनं माझ्या ओटीत टाकली. तिसऱ्या वर्षी तिनं मला हरवलं. चांगलंच हरवलं. तेव्हा कुठे म्हणाली, आता यापुढचं माझं."

"हेमांगी, मी चुकलो गं. माफ कर मला." नानांनी हात जोडले.

तिनं ते हात खाली केले, पण चेहरा मऊ झाला नाही. "इथे शेडमध्ये नको, नाना. तीनशे माणसांसमोर हरवलंत मला. रविवारी मी येतेय, मेघानं बोलावलंय."

येताना नानांनी एसटीतच गुडघ्यावर वही ठेवून मानपत्र लिहिलं. गाडी हिसके देत होती आणि अक्षर सगळं वाकडंतिकडं. संध्याकाळी छापखान्यात दिलेल्या कागदावर मात्र शेठना हवं तेच होतं. उरलेलं एक पान नानांच्या सदऱ्याच्या खिशात राहिलं.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. व्यासपीठावर मेघा उभी होती. नाकाचं हाड किंचित वाकडं, नजर सरळ. नानांनी छापलेलं मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या. मग खिशातलं पान काढलं. माईक जवळ ओढला आणि बोलले.

"अजून एक निकाल राहिलाय. सतरा वर्षांपूर्वी इथल्या चाचणीत तिसऱ्या पंचानं जाणूनबुजून खोटी चिठ्ठी दिली. तो पंच मी. ती लढत हेमांगीनं जिंकली होती."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसवा म्हाताऱ्याला!" अभयकुमार माईककडे धावले. नानांनी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मेघाला महान म्हणतो, ते सुवर्णासाठी नाही. का म्हणतो, ते हेमांगीच्या घरी दोन पदकं आहेत, त्यांना विचारा. निकाल ऐका. विजेती, जळगावची हेमांगी."

तिसऱ्या रांगेत हेमांगी उभी राहिली. तिला रडू फुटलं होतं आणि ती ते लपवत नव्हती. पहिली टाळी व्यासपीठावरून आली, मेघाची. तिनं अंगावरची शाल काढली, खाली उतरली, हेमांगीच्या खांद्यांवर घातली आणि परत वर आली. नानांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

"सतरा वर्षं लावलीत, नाना. मला आठच दिवस लागले होते."