शेजाऱ्याचं तळं

"शेततळं वर्षातनं किती वेळा भरता?" असं विचारलं, की गव्हाणवाडीचा माणूस आधी आभाळाकडं बघायचा.

"एकदाच. वरच्याच्या कृपेनं जे पडतं तेवढंच."

हे ऐकून ऐकून निकिताचे कान किटले होते. गोमुखी नदीच्या खोऱ्यातली शेततळी मिळून किती पाणी घेतात, याचा अंदाज काढायला नाशिक रोडच्या एका संस्थेनं तिला कंत्राटावर नेमलं होतं. तळी किती लांबरुंद ते उपग्रहाच्या चित्रावरून मोजून झालं होतं. पण चित्रात तळं बघावं तेव्हा भरलेलंच. एका अंगानं द्राक्षबागेला पाणी चाललंय आणि दुसऱ्या अंगानं नदीवरची मोटार ते भरतेय, हे आभाळातून कसं दिसणार? ते माणसांनाच विचारायला हवं. आणि माणसं खोटं बोलत होती. तेही चहा पाजून, वर बिस्किटाचा आग्रह करून.

ती ह्याच गावची, बहिरू तात्यांची पोर. तिला माहीत नव्हतं का? पावसानं तळ्यात गुडघाभर पाणी साठलं तरी पुष्कळ. बाकी सगळं नदीचं. नदीच्या खालच्या अंगाला टेंभुर्ण्यात तिची लंकाआत्या दिली होती. तिथली पिण्याची विहीर नदीच्या काठाला, आणि ती होळीच्या आतच कोरडी पडायची. मग बायका टँकरची वाट बघत बसायच्या. आता अंदाज कमी निघाला तर खापर पावसावर फुटणार आणि गव्हाणवाडीच्या मोटारी चालूच राहणार. जास्त निघाला तर उन्हाळ्यात उपसाबंदी लागणार. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून सगळ्यांचं एकच, एकदाच.

गोची केली ती सरपंच गोरक्षनं. "आमचं एकदाच हाय पोरी," तो म्हणाला. "तो रंगनाथ बघ. तीनदा भरतो, आन् वर मलाच सांगतो औंदा पाऊस लय झाला."

निकिता तशीच उठून रंगनाथच्या बांधावर गेली.

"गोरक्ष?" रंगनाथ हसला. "त्याची मोटार गणपतीत चालू झाली, ती बंद पडायचं नाव घेत नाय. चारदा तरी भरत आसंल."

आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! त्या दिवसापासून तिनं प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. तुमचं तळं किती वेळा भरतं, आणि शेजाऱ्याचं किती वेळा? पहिल्याला माणूस आभाळाकडं बघायचा. दुसऱ्याला जवळ सरकून बसायचा, आवाज बारीक करायचा आणि मोटार किती हॉर्सपॉवरची तेही सांगायचा.

एकच तळं राहिलं. बहिरू तात्यांचं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, शेजारी कुणी नाही. तात्यांनी लेकीलाही सांगितलं, "लिही, एकदाच." तिनं लिहिलं, आणि लिहिताना तिला स्वतःची लाज वाटली.

आकडे पाठवण्याआधी गावासमोर वाचायचे होते. सभा नेमकी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ठेवली गेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी लंकाबाईही आली. हातात पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. तात्या तांब्या घेऊन सामोरे गेले.

"अक्का, पाणी घे."

"ठेव तिथंच. मी माझं आणलंय." तिनं बाटली काढली. टँकरचं गढूळ पाणी होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून तेच प्यायली.

तात्यांचा चेहरा पडला. माहेरी आलेल्या बहिणीनं आखाजीला पाणी नाकारावं, यापरतं भावाला दुसरं काय लागणार? "माझ्या घरचं पाणी तुला चालत नाय का?"

"तुझ्या घरचं कुठं हाय? आमच्या विहिरीचंच हाय ते," लंकाबाई म्हणाली आणि सभेला निघाली.

मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं. निकितानं तळ्यागणिक आकडे वाचले, मग दोन्ही बेरजा. ज्यानं त्यानं स्वतःचं सांगितलं त्याची एक, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं त्याची दुसरी. दुसरी पहिलीच्या तिप्पट होती. खोटं म्हणावं तर कुणाला? रंगनाथचं खोटं म्हणावं, तर गोरक्षनं रंगनाथबद्दल सांगितलेलंही खोटं ठरणार.

"पोरी," गोरक्ष शेवटी म्हणाला, "हाय तू गावची. पहिला आकडा पाठव आन् मोकळी हो."

"नाही पाठवणार, काका."

"आसं? मग तुझ्या बापाचं दोन्ही बेरजांत एकदाच कसं? गावाला उघडं पाडती आन् घरचं झाकून ठेवती व्हय?"

पोरगी सापडली. सगळे तिच्याकडं बघत होते. तात्या खांबाला टेकून खाली मान घालून बसले होते. पिकल्या मिशांचा हा माणूस, ह्यानं तिला शिकवायला नाशिकला ठेवलं होतं. पण गोरक्ष बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं.

"त्या तळ्याला शेजारी मीच आहे," ती म्हणाली. "चारदा भरतं. मी मोटार ऐकते घरातून. तात्यांचं 'एकदाच' मी खोडते."

कुणीतरी हसलं. "बापाला विकलं की पोरीनं," मागून आवाज आला.

तात्या उठले. आता पोरीला सगळ्यांदेखत झापणार, असं गावाला वाटलं. त्यांनी टोपी नीट केली.

"चार नाय," ते म्हणाले. "पाच. माघात ती नाशिकला होती, तवा एकदा भरलं. पाच लिही गं. आन् गोरक्ष, ज्याला माझ्या पोरीला काय बोलायचं आसंल, त्यानं आधी आपला आकडा तोंडानं सांगावा."

निकितानं चार खोडून पाच लिहिलं. मग तिथंच, सगळ्यांसमोर, दुसरी बेरीज मोबाइलवरून पाठवून दिली.

घरी आल्यावर तात्यांनी तांब्या परत भरला आणि बहिणीपुढं धरला. लंकाबाईनं या वेळी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"आकड्यानं विहीर भरत नाय, भाऊ. नदीच्या डोहातली तुझी मोटार अजून चालू हाय. आवाज येतोय मला."

तात्या पायात चप्पल सरकवून नदीकडं निघाले. निकितानं पडवीतला मोटार खोलायचा पान्हा उचलला आणि त्यांच्या मागं गेली.

लंकाबाईनं तांब्यावर ताटली झाकली आणि उंबऱ्यात, आतल्या बाजूला, वाट बघत बसली.