एनिडबाईंची सही

मित्रांनो, मी छापखान्यातून हजारांनी निघालेली पुस्तिका नव्हे. तिच्याआधी, बघायला म्हणून एकच काढतात, ती नमुना प्रत मी. उत्तर इंग्लंडातल्या एका नगरपालिकेच्या फायलीत नऊ वर्षं पडून आहे. माझ्या शेवटच्या पानावर एक वाकडी सही आहे. ती घेतली गेली याची मला आजही लाज वाटते.

ही नगरपालिका म्हाताऱ्यांसाठी दारापर्यंत येणारी बस चालवते. तिच्या जागा कमी होणार होत्या. ज्याला जागा हवी त्याने अठ्ठावीस मार्चच्या आत फोन करायचा, एवढंच सांगायला मला करवून घेतलं. काम मिळालं पानांची मांडणी करणाऱ्या लॉर्ना नावाच्या मुलीला. तिने अक्षरं टपोरी ठेवली, ओळी मोकळ्या सोडल्या आणि कागद घेतला फिकट पिवळा, खरखरीत, अजिबात न चमकणारा. अधू डोळ्यांना चमक बाधते, हे तिला ठाऊक होतं.

मग मला तपासायला याच बसने जाणाऱ्या एनिड थॅक्रे आल्या. वय एक्याऐंशी, समोरचं दिसायचं नाही, फक्त कडेचं दिसायचं. त्यांनी मान तिरकी केली आणि बोट नेमकं तारखेवर ठेवलं.

"अठ्ठावीस मार्च," त्या म्हणाल्या. "पोरी, पालिकेचा हा पहिलाच कागद, जो मला शेजाऱ्याकडे न्यावा लागला नाही. मेला वाचतो कमी, चौकश्याच जास्त करतो."

'मला वाचता आलं' असं लिहून त्यांनी सही केली. मी फुगले होते, खोटं कशाला सांगू.

नंतर मला पालिकेच्या पिकर्सगिलने हातात घेतलं. छपाईचा शेवटचा शब्द त्याचा. दुसऱ्या पानावर पालिकेच्या पुढाऱ्याचा फोटो होता.

"साहेब यात आजारी दिसतायत. चकचकीत कागदावर छापा."

"पण तपासणी या कागदावर झालीय," लॉर्ना म्हणाली.

"अक्षरं तीच आहेत ना? कागद कोण वाचतं?"

माझ्या चार हजार बहिणी चकचकीत निघाल्या. एक एनिडबाईंच्या दारात पडली. त्यांच्या बोटांना ती गुळगुळीत लागली. गुळगुळीत म्हणजे पिझ्झावाल्याची जाहिरात. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरली, तर पानावर नुसता उजेड. त्यांनी ती रद्दीत टाकली आणि त्या सही केली तसल्याच खरखरीत कागदाची वाट बघत बसल्या. माझ्यावरची तारीख नुसती नमुन्यापुरती, खरी घरी येणाऱ्या कागदावर असेल, असं त्यांनी धरलं होतं. शेजाऱ्याला विचारलं नाही. आता आपल्याला वाचता येतं, असं त्यांना वाटत होतं.

एप्रिलच्या पहिल्या बुधवारी बस थांबली नाही. दर बुधवारी एनिडबाई तिने टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात धाकट्या बहिणीकडे, हिल्डाकडे जायच्या.

मग त्या पालिकेच्या कचेरीत आल्या. पिकर्सगिलने मला काढून पुढे ठेवलं.

"सही तुमचीच ना, मिसेस थॅक्रे?"

त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "माझीच. आणि हाच तो कागद. हा मला आलाच नाही."

"मजकूर तोच होता."

"असेल. मी याची वाट बघत होते."

जागा भरल्या होत्या. एनिडबाई गेल्या. मला फायलीत परत ठेवलं, सगळं रीतसर झाल्याचा पुरावा म्हणून. एका म्हातारीचा विश्वास तिच्याच तोंडावर फेकायला मी वापरली गेले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी कचेरीत बसाल. तेव्हा ज्याच्यासाठी छापता त्याच्या घरी जा. छापून आलेलीच प्रत त्याच्या हातात, त्याच्याच दिव्याखाली द्या. सही त्यानंतर मागा.

माझ्यावरची तारीख अजूनही स्वच्छ वाचता येते. बुधवारची बस एनिडबाईंच्या दारावरून न थांबता जाते.