तीन वेळा नामंजूर झालेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. पण देशाचा किंवा जगाचा नव्हे. शाळेच्या भिंतीवर टांगून घेण्याचं भाग्य माझ्या वाट्याला आलं नाही. मी एका घराच्या वाढीव खोलीचा नकाशा आहे. निळसर ट्रेसिंग कापडावर काढलेला, दीड हात लांब. माझ्या पाठीवर 'नामंजूर' असे तीन शिक्के आहेत. लोकांना ती लाज वाटते. मला तसं कधी वाटलं नाही, आणि का वाटलं नाही तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म १९४६ सालच्या दसऱ्याला झाला. कराड आणि सांगली यांच्या मधे, कृष्णेच्या काठी आमचं लहानसं गाव. म्युनिसिपालटी होती, पण गाव तसं खेड्यासारखंच. नदीच्या भीतीनं तिथली घरं उंच जोत्यावर बांधलेली. राहीबाईच्या घराला तर दगडी सात पायऱ्या होत्या. तिचा नवरा केरबा पलटणीत हवालदार होता. लढाईत इटलीच्या डोंगरात त्याचा पाय सुरुंगावर पडला आणि डावा पाय मांडीपासून कापावा लागला. तेव्हापासून तो पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता.

दसऱ्याच्या आधी त्याचं पत्र आलं. शेजारच्या गुरुजींनी ते राहीबाईला वाचून दाखवलं. माघ सरता सरता इस्पितळातून सुटी होणार, असं लिहिलं होतं. पण पुढं हेही होतं की, 'आपल्या पायऱ्या कुबड्यांनी चढता येणार नाहीत. चार जणांनी मला उचलून घरात न्यायचं असेल, तर मी येत नाही. इथं फौजी लोकांसाठी वसतिगृह आहे, तिथंच राहीन.'

राहीबाई रडली नाही. पदर खोचून ती थेट मोहिद्दीन मिस्त्रीच्या दारात गेली.

"मिस्त्री, माज्या परड्यात एक खोली काडायची. जमिनीबरुबर. पायरी एक बी नगं."

"काडू की वैनी. पर आधी म्युनिसिपालटीला नकाशा द्यावा लागतोय."

"मग द्या. आजच."

मिस्त्रीनं मला काढलं. हाताला मोठी सफाई होती त्याच्या. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्यानंच बांधलेली. पण त्याला एक खोड होती, आणि ती तिकडच्या बहुतेक जुन्या गवंड्यांना होती. तो पुरं माप कधी लिहायचा नाही. खोली दहा फूट असली की कागदावर अकरा. दहाला शून्य असतं, शून्यावर घर कसं उभं राहणार, असं तो म्हणायचा. वरचा एक फूट बरकतीचा. बांधताना मात्र दोरी अगदी बरोबर धरायचा, त्यामुळं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. माझ्यावरही त्यानं खोली, मोरी आणि मोकळी जागा अशी तीन मापं घातली, आणि प्रत्येकाला बरकत दिली. घरामागच्या तीस फूट लांब परड्यात तेहतीस फूट बांधकाम बसवून मी ऐटीत कचेरीत गेलो.

पंधरा दिवसांनी परत आलो तो पाठीवर शिक्का घेऊन. शिक्क्याखाली नकाशे तपासणाऱ्या ओव्हरसियरनं चार ओळी लिहिल्या होत्या. आता गंमत पाहा. मिस्त्रीला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाहीत. राहीबाईला तेही नाही. गुरुजींना विचारायला हवं होतं, पण मिस्त्रीच्या तोऱ्याला ते कुठलं रुचायला! "सायबाला कायतरी पायजेल आसंल," असं म्हणून त्यानं मला जसंच्या तसं गुंडाळलं. राहीबाईनं बरोबर गुळाची एक ढेप घेतली. मी पाठीवरून ओरडत होतो, अहो, वाचा तरी! पण कापडाचा आवाज कुणाला ऐकू येतो?

ढेप तशीच परत आली आणि दुसरा शिक्का घेऊन मीही.

तिसऱ्या दिवशी राहीबाई मला काखेत मारून एकटीच कचेरीत गेली. ओव्हरसियरचं नाव नानासो. उंच, किडकिडीत, सदा कपाळाला आठ्या.

"सायब, दोनदा न्हाई म्हनलासा. का न्हाई, तेवडं सांगा. समजल्याबिगर मी हितनं उठनार न्हाई."

नानासोंनी चष्मा काढला. "बाई, नऊ वर्षं मी या कागदांच्या पाठी लिहून भरतोय. का म्हणून विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्यांनी मला टेबलावर उलटं पसरलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. एक, कागदावरचं घर जागेपेक्षा तीन फुटांनी मोठं आहे. दोन, खोलीची जमीन पुराच्या खुणेच्या खाली आहे.

"पुराचं काय एवडं? म्हातारं मानूस बी पानी बगून सरकतंय की वर."

"दोन पायांचं सरकतं," नानासो हळू आवाजात म्हणाले. "रात्री पाणी घुसलं, तर तुमचे हवालदार कुठं सरकतील?"

राहीबाईला राग होता तो त्या नियमावर, आणि नियम तर तिच्याच नवऱ्याची काळजी करत होता. तिनं मला गुंडाळून काखेत घेतलं. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या रेघांची शरम वाटली.

घरी येऊन तिनं मिस्त्रीला फैलावर घेतलं. "तुमची बरकत जाग्यावर ठिवा. कागदावर खरं लिवा." बिचाऱ्यानं मान खाली घातली आणि दाढीच्या पात्यानं माझ्यावरचे आकडे खरवडले. फार दुखलं, पण तक्रार केली नाही. आता खोली जुन्या घराच्या उंचीला आली, पाच फूट जोत्यावर. वर चढायला पायऱ्यांऐवजी उतरण. परडं खोलीनं भरलं होतं, म्हणून मिस्त्रीनं उतरण पुढच्या दारातून रस्त्यावर सोडली.

तिसरा शिक्का! या वेळी राहीबाईनं कारण गुरुजींकडून लगेच वाचून घेतलं. रस्ता बारा फुटांचा, उतरण त्यातली आठ फूट खाणार. बैलगाडी जायची कुठून?

"झालं की वैनी," मिस्त्री म्हणाला. "आता गप बसा. चौगं उचलून नेत्यात त्येस्नी. त्यात काय कमीपना हाय?"

"त्येंचा कमीपना त्येंनी ठरवायचा, मिस्त्री. तुमी न्हाई आनि मी बी न्हाई."

मग तिनं जे केलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. परड्यात तिनं मातीचा उतार रचला. काष्टा घट्ट केला, डावा गुडघा मुडपून मिस्त्रीच्या पटक्यानं आवळून बांधला, दोन्ही काखांत बांबू घेतले आणि एका पायावर चढू लागली. मिस्त्री लाजून पाठमोरा झाला. कुंपणापलीकडच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. राहीबाई पडली. माती ओढून उतार लांबवला, पुन्हा चढली, पुन्हा पडली. कोपरं सोलवटली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुणी हसत नव्हतं. रंगुबाई नावाची एक म्हातारी तर घमेलं घेऊन माती टाकायला आली. अखेर फुटभर चढाला आठ फूट लांबी दिली, तेव्हा राहीबाई न पडता, न थांबता वर गेली.

पाच फूट चढायचं म्हणजे चाळीस फूट उतरण. परडं तीस फुटांचं. मिस्त्री आकडे मोडत बसला. "वीस फूट जायाचं, वळायचं, पुन्यांदा वीस फूट. बसंल. पर वैनी, खोली निम्मीच ऱ्हाती. एक बाज आनि एक ट्रंक, बास."

"खोली बारीक चालंल," राहीबाई म्हणाली. "वाट बारीक नगं."

माझ्यावरची खोली खरवडून निम्मी झाली. मापं सगळी खरी लिहिली. दहा तिथं दहा. नानासोंनी मला चौथ्यांदा पसरलं, पट्टी लावून बेरीज केली आणि विचारलं, "हा उताराचा हिशेब कुणी काढला?" राहीबाईनं सोललेली कोपरं पुढं केली. नानासोंनी 'मंजूर' असा शिक्का उमटवला आणि तो वाळेपर्यंत स्वतः फुंकर घालत बसले.

काम माघ संपायच्या चार दिवस आधी पुरं झालं. केरबा आला तेव्हा सगळी गल्ली परड्यात जमली होती. मिस्त्री मला हातात धरून ज्याला त्याला दाखवत होता. केरबानं उतरणीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि कुबड्या टेकल्या. वळणावर तो थांबला. घामानं डबडबला होता. दोघे तिघे पुढं धावले.

"हात लावायचा न्हाई कुनी," राहीबाई म्हणाली.

केरबानं श्वास घेतला आणि निघाला. उंबऱ्यावर पोचल्यावर त्यानं मागं वळून एवढंच विचारलं, "च्या टाकलाय का न्हाई?"

पुढं काही दिवस माझा मोठा मान होता. लोक माझी पाठ वाचायला यायचे आणि मग आपले नकाशे काढायचे. मिस्त्रीही लोकांना सांगू लागला, बरकत भिंतीत असते, कागदावर नव्हे. मग हळूहळू मला सगळे विसरले. ट्रंकेच्या तळाशी मी पडून राहिलो, घडीवर चिरलो, एक कोपरा कसरीनं खाल्ला.

तीन वर्षांनी केरबाची बहीण अंजना बाळंतपणाला आली. तिनं मला बाहेर काढलं. "वैनी, ह्ये कापड गरम पान्यात टाकलं की खळ निगून जातीया. मलमलीवानी हुतंय. बाळाला टोपडं शिवू." पाण्याला आधण आलं होतं. माझं एक टोक तर भिजलंही.

तेवढ्यात कुबड्यांचा आवाज आला. केरबानं मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"ह्येला धुवायचं न्हाई, अंजे. बाळाला नवं कापड आनू. पलटनीत मला तीन पदकं मिळाली, हिला कचेरीत ह्ये तीन शिक्कं. माज्यापरीस हिचं जड हायती."

मित्रांनो, म्हणून मी अजून आहे. तुमच्याही घरात असा एखादा कागद असेल, तर त्याला कसरीपासून, ओलीपासून जपा. उद्या तुमच्या एखाद्या कामावर 'नामंजूर' असा शिक्का बसेल. तेव्हा तो लपवू नका आणि चिडून फाडूही नका. कागद उलटा करा, कारण विचारा, आणि नवी रेघ ओढायला बसा. माझ्या भिजलेल्या टोकावरची शाई पसरली, तरी ते तीन शिक्के आजही स्पष्ट वाचता येतात.